"दादा, राणी बदलून द्या" : आमची वाटचाल

आमच्याकडून सातेरी जातीच्या मधमाश्यांची वसाहत, म्हणजे राणीसकट माश्यांची पेटी, नेलेल्या माणसाचा महिन्या-दोन महिन्यांत फोन येतो आणि पहिलं वाक्य बहुधा हेच असतं : "दादा, राणी बदलून द्या, पेटी वाढतच नाही." या फोनला काय उत्तर द्यायचं हे ठरवता ठरवताच आमचा धंदा आजच्या रूपाला आला.

सुरुवात मधविक्रीने झाली. जावळी तालुक्यातलं गाव, मागे जंगल, जांभूळ-हिरड्याचा फुलोरा. मी आणि धाकट्या भावाने महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण घेतलं, पेट्या मांडल्या, बाटल्या भरून दुकानांत ठेवल्या. पण सातेरीची एक वसाहत वर्षाला ५ ते १० किलो मध देते, तेही हंगाम साधला तर. त्यावर दोन संसार चालत नाहीत. पुढे डाळिंबवाले आणि कांदा बियाणं करणारे शेतकरी परागीभवनासाठी पेट्या मागू लागले, नवे मधपाळ वसाहती विकत मागू लागले. मध जोडधंदा झाला, माश्या मुख्य झाल्या, आणि विकलेल्या वसाहतीची जबाबदारीही अंगावर आली.

पेटी वाढली नाही की राणीला दोष देणं सोपं, कारण पेटीत ती एकटीच असते. खरं म्हणजे दाई माश्या (पिल्लं सांभाळणाऱ्या) जेवढा पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या-कोष, झाकून उबेत ठेवू शकतील, तेवढीच वसाहत वाढते. पिलाव्याला साधारण ३४-३५ अंश ऊब लागते. तीन फ्रेम, म्हणजे पोळ्याच्या चौकटी, झाकतील एवढ्याच माश्यांना सबंध पेटी मोकळी सोडली तर चांगली राणीही काय करणार? म्हणून फोनवर आम्ही आधी विचारतो : माश्या किती फ्रेमवर दाटीने बसल्यात? पायाला पराग लावून येतायत का? साखरेच्या पाकाने पोट भरतं, पण पिल्लं वाढवायला परागच हवा. रिकाम्या फ्रेम काढून मध्ये फळी लावा आणि पाक संध्याकाळी, थोडाथोडाच द्या. दिवसा सांडला तर शेजारची दणकट पेटी लुटायला येते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) लागलाय म्हणून घाबरणाऱ्यांनाही हेच सांगतो, किडा कमजोरीमागून येतो.

राणीचा दोष असतोच नाही, असं नाही. माश्या आणि पराग पुरेसे असूनही बंद (मेणाने झाकलेला) पिलावा ठिपक्याठिपक्यांचा, मध्ये रिकामी घरं, असं दिसलं तर शंका घ्यायची. याचं एक कारण आमच्यासारख्या विक्रेत्यांनीच लक्षात ठेवायला हवं. राणी हवेत अनेक नरांशी मिलन करते, पण आसपासच्या साऱ्या वसाहती एकाच राणीच्या लेकी-नातींच्या असतील तर फलित अंड्यांतल्या काहींतून कामकरीऐवजी नर निपजतात आणि कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात. पिलावा चाळणीसारखा दिसतो तो त्यामुळेही. म्हणून आम्ही कोकणातल्या मधपाळांशी वसाहतींची अदलाबदल करतो. मात्र तिकडून आलेली पेटी आधी लांब, वेगळी ठेवतो. थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेतल्या सातेरीची जी दैना केली, ती जुन्या मधपाळांकडून ऐकलेली आहे.

आता कमजोर पेटीतली राणी मारून "त्या करतील नवी" म्हणणाऱ्यांचा हिशेब बघा. नवी राणी बाहेर यायला ११-१३ दिवस, मिलन होऊन अंडी घालायला आणखी आठ-दहा दिवस, तिची पहिली लेक निघायला जवळपास तीन आठवडे, आणि ती लेक फुलावर जायला त्यापुढे दोन-तीन आठवडे. एवढ्यात जुन्या माश्या संपत येतात. मिलनाच्या वेळी झड लागली तर राणी मिलनाविना राहते आणि कामकरीच अंडी घालू लागतात : एका घरात दोन-तीन, भिंतीला चिकटलेली, नुसते नर देणारी. अशी पेटी सावरायच्या फंदात आम्ही पडत नाही.

आमच्या डोंगरात तर जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडणं मुश्कील. म्हणून मेअखेर पेट्या तपासून कमजोर वसाहती एकत्र करतो. संध्याकाळी दोन राण्यांपैकी कमी प्रतीची काढायची, दणकट पेटीवर सुईने भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद, त्यावर कमजोर पेटी. कागद कुरतडून होईतो वास एक होतो आणि भांडण होत नाही. भावाला सुरुवातीला हे पटत नसे. पेट्यांची संख्या कमी दिसते, बँकेला काय सांगायचं, म्हणायचा. ऑक्टोबरात त्याच वसाहती फोडून, निवडक राण्यांच्या लेकी देऊन संख्या परत वाढवतो.

आता वसाहत देताना गिऱ्हाइकासमोर फ्रेम उचलून अंडी, अळ्या, बंद पिलावा आणि राणी दाखवतो. मे ते सप्टेंबर कितीही भाव दिला तरी विक्री बंद. राणी बदलून हवी असेल तर सूर्याकडे पाठ करून पिलाव्याच्या फ्रेमचा फोटो पाठवायचा. दोष राणीचा दिसला तर अंडी घालणारी राणी विनामूल्य देतो. यंदाची नोंदणी दिवाळीनंतर सुरू होईल.