विलायती चिंचेचा प्रवास

आज विलायती चिंचेखाली उभा राहून, उकललेल्या शेंगांच्या वेटोळ्यांतून पक्षी गुलाबी-पांढरा गर कसा ओढून काढतात, ते बराच वेळ पाहिले. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत मूळचे असलेले हे झाड स्पॅनिश जहाजांतून फिलिपिन्सला पोहोचले आणि पुढे भारतात आले. १७९८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल (भारताच्या आग्नेय) किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात त्याचे वर्णनही केले. मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नायट्रोजन पुरवत असल्याने ते निकस जमिनीतही तग धरते. माणसाने त्याला कुंपणासाठी नेले खरे (काटे पाहता निवड योग्यच होती), पण बिया पक्ष्यांच्या हाती गेल्यावर कुंपणाला अर्थ उरला नाही. हवाईतील कुरणांत तर ते तण ठरले आहे, कारण तोडल्यावरही ते मुळांपासून पुन्हा फुटते.