‘ते व्हिडिओतले गाइड तुम्हीच ना?’

होय, तो मीच. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर पांढरी टोपी, पाठीमागे वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणातला सोंड तुटलेला हत्ती आणि तोंडी ते वाक्य : “खरं सांगू का, हे माणसाचं कामच नाही.” त्यापुढे मी नाही. पुढे घुमणारं संगीत आहे, उडत्या तबकड्या आहेत, कैलास परग्रहावरच्यांनी कोरला हा दावा आहे.

सकाळी संभाजीनगरहून गाडी निघते आणि देवगिरीचा डोंगर दिसायच्या आत मागच्या सीटवरून मोबाइल पुढे येतो. “काका, हे तुम्हीच ना?” मी हो म्हणतो. दुसरा प्रश्न ठरलेला : “मग आता तसं का म्हणत नाही?” कुणी हसत विचारतं. कुणी आवाज खाली आणून विचारतं, वरून दबाव आलाय का? एका आजोबांनी तर मला धीर दिला, “बोला हो, गाडीत आपणच आहोत.”

गाडीत मी तेवढ्यापुरतं उत्तर देतो. किल्ला चढायचा असतो, चौतीस लेण्यांतली निदान सात-आठ दाखवायची असतात, घृष्णेश्वराची रांग असते, आणि संध्याकाळी पाहुण्यांना गाडी पकडायची असते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही माझ्याकडे बघण्याऐवजी लेण्याकडे बघाल.

आधी तुम्ही माझ्यापुढे टाकता तो हिशेब. १८ वर्षांत ४ लाख टन दगड काढला, रोज १२ तास धरले तरी ताशी ५ टन, शक्य आहे का? हे आकडे ना शिलालेखात आहेत ना ताम्रपटात. पण चला, तुमचेच धरू. ताशी ५ टन, पण कामावर माणसं किती, हे कुणीच विचारत नाही. २५० धरा. माणशी तासाला २० किलो झाले. आपला काळा दगड इतका जड की २० किलोत अर्धी बादलीही भरत नाही. तासाला अर्धी बादली दगड! त्यासाठी आभाळातून कुणाला बोलवायचं? शिवाय काम वरून खाली आलेलं. तीन बाजूंनी चर खणून मधला कातळ सुटा केला आणि कळसापासून उतरत आले, म्हणजे परांचीची कटकट नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. आणि सगळं त्याच्याच हयातीत उरकलं असंही नाही. कैलासातल्या लंकेश्वर लेण्यासारखे भाग मागाहूनचे, असं ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी घडण बघून मांडलंय. वर अर्धवट राहिलेली कामं आहेतच. जैन लेण्यांतला छोटा कैलास अपुरा आहे. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं तर मधेच सोडलेलं आहे. दुसऱ्या ग्रहावरून आलेला माणूस काम अर्धवट टाकून जातो होय? तसं ठेकेदार करतो.

इथे गाडीत हशा होतो. माझी घोटलेली वाक्यं आहेत ही, दाद हमखास मिळते. पण तुम्ही हे विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलं होतं की मी आता तसं का म्हणत नाही. त्यासाठी तेव्हा तसं का म्हणालो, ते आधी सांगायला हवं.

पहिली दोन वर्षं मी सांगायचो की त्यांनी माझा एक शब्द कापला. मी म्हणालो होतो ‘हे एका माणसाचं काम नाही’, त्यातला ‘एका’ उडवला. हे मी पाहुण्यांना सांगितलं, बरोबरीच्या गाइडांना सांगितलं, बायकोला सांगितलं. खोटं आहे. ‘एका’ मी म्हणालोच नव्हतो.

मग दुसरं उत्तर काढलं : बोलायची रीत असते हो. चांगली वस्तू पाहिली की आपण म्हणतोच, हे येरागबाळ्याचं काम नाही. तसंच ते. हे थोडं खरं आहे, म्हणून बरेच दिवस टिकलं.

तिसरं उत्तर पुस्तकातून आणलं. बडोद्याला सापडलेला ८१२ सालचा राष्ट्रकूट ताम्रपट आहे. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरच्या शिवमंदिराचं वर्णन येतं. विमानातून जाणारे देव थबकतात आणि म्हणतात, हे स्वयंभूच असणार, हातानं केलेल्या वस्तूत असली शोभा दिसत नाही. बघा, मी म्हणायचो, बाराशे वर्षांपूर्वी देवांनाही हेच वाटलं, तिथे माझ्यासारख्या गाइडाचं काय! या उत्तरावर मी फार खूश होतो. त्याच श्लोकात पुढे तो घडवणारा शिल्पीही चकित झालाय, पुन्हा असं हातून होणं नाही म्हणतोय आणि स्वतःलाच विचारतोय की अरे, हे मी केलं तरी कसं? पुढचा हा भाग मी गाळायचो. व्हिडिओवाल्यांनी माझं वाक्य कापलं म्हणून बोंब मारणारा मी ताम्रपट कापत होतो.

तर आता तो दिवस.

डिसेंबर होता, सोमवार. तिशीतलं जोडपं, दिवसभराची गाडी, सगळं फक्त त्या दोघांसाठी. चाळीस जणांच्या बसला सांगताना गाइड हवेत बोलतो. दोघांबरोबर आठ तास काढायचे तर तुम्ही त्यांची तोंडं वाचायला लागता. कुठल्या वाक्यावर डोळे मोठे होतात, कुठे नजर घड्याळाकडे जाते. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीतून, त्या काळोख्या भुयारी वाटेतून, बाहेर पडेपर्यंत मला कळलं होतं की या दोघांना तारखा नकोत. त्यांना गूढ पाहिजे होतं. माणसं चांगली होती, हे मुद्दाम सांगतो. पाण्याची बाटली स्वतः आणून देणारी.

त्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर माझे वडील होते. आबांना घृष्णेश्वराला जायचं होतं, गाडी तिकडेच जाणार होती, पाहुण्यांना विचारलं तर ते म्हणाले, अहो घ्या की त्यात काय. वडील काय करायचे, असं त्या मुलीनं विचारलं. मी म्हणालो, रिटायर आहेत.

आबा पाथरवट. तरुणपणी गावोगाव हिंडून पाट्या-जात्यांना टाकी, म्हणजे छिन्नी, लावायचे. घरोघरी मिक्सर आले तसं ते काम आटलं, मग खदानीत गेले. उजव्या डोळ्यात कपची जाऊन त्या डोळ्यानं धूसर दिसतं. यातून माणूस रिटायर कसा होतो मला माहीत नाही, पण मी तसं म्हणालो. आणि मी चौदा वर्षं रोज वेरूळला जात होतो, तीस किलोमीटर. आबांना लेणी दाखवायला एकदाही नेलं नव्हतं. बेत नेहमी ठरायचा आणि राहून जायचा.

लेण्यांच्या फाटकाशी ती मुलगी म्हणाली, आबा, तुम्हीपण चला ना. ते आले. चप्पल हातात घेऊन आले, कैलास हे त्यांच्या लेखी देऊळच.

आत शिरल्यावर सगळे मान वर करतात. सुमारे १०७ फुटांचा तासलेला कडा मागे उभा असतो, मान वर जाणारच. आबांनी केली नाही. ते कडेकडेनं चालत गेले आणि ओवरीच्या एका कोपऱ्यात थांबले. तिथे भिंत गुळगुळीत केलेली नाही, टाकीच्या रेघा तशाच आहेत, शेजारी शेजारी, तिरक्या, पाऊस वाऱ्यानं झुकल्यासारख्या. त्यांनी तळहात सपाट लावला. मग बोटाच्या नखानं एकेक रेघ चाचपत गेले, पोतं शिवताना टाके मोजावेत तसे. वीत-दीड वीत रेघा खोल आणि नेमक्या. पुढे उथळ होत गेलेल्या, कडा फुटलेल्या. पुन्हा एकदम खोल.

इकडे मोबाइल स्टँडवर चढला होता. मुलगा म्हणाला, काका, तुम्हाला मनापासून काय वाटतं ते सांगा, पुस्तकातलं नको. मी टोपी सारखी केली.

तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, बऱ्यापैकी मोठ्यानं, “ह्यायचा लोहार कुठं बसत असंल रे?”

मी न वळता म्हणालो, “आबा, थांबा जरा. रेकॉर्डिंग चालू आहे.”

आणि मग ते वाक्य बोललो. दोघांचे डोळे मोठे झाले. मुलगी म्हणाली, अंगावर काटा आला.

लोहार. चौदा वर्षांत मी राजांची नावं सांगितली, राणीच्या नवसाची आणि पैठणच्या कोकस शिल्प्याची गोष्ट सांगितली, रावणाचे हात मोजून दाखवले. या दगडावर टाकी किती वेळात बोथट होते हे मला लहानपणापासून माहीत होतं. आबांच्या पिशवीतल्या टाक्या मीच लोहाराकडे न्यायचो. भाता मारायला मिळायचा म्हणून आवडीनं न्यायचो. धार काढून झाली की लालबुंद टोक पाण्यात जायचं, चर्र व्हायचं, आणि लोहार नेमक्या वेळी बाहेर काढायचा. जरा उशीर झाला तर टाकी दगडावर तुकडे होऊन पडते. म्हणजे २५० माणसं असतील तर रोज शेकडो टाक्या. कोळसा, भाते, पाणी, ने-आण करणारी पोरं. माझ्याएवढी. हे सगळं या अंगणात किंवा वर डोंगरावर कुठेतरी चालू असणार. मला कधी सुचलं नाही. ज्याला सुचलं त्याला मी गप्प केलं.

घृष्णेश्वराला पुरुषांनी अंगातला सदरा काढूनच गाभाऱ्यात जायचं असतं. रांगेत आम्ही तिघं उघडे, पाहुणा थोडा संकोचलेला. आबांच्या हातांवर, छातीवर कपच्यांचे पांढरे डाग आहेत, बारीक, तांदूळ सांडल्यासारखे. मुलानं ते पाहिले आणि विचारलं नाही. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू त्यायला म्हणला, माणसाचं काम नाही.”

“बोलायची रीत असते, आबा.”

“व्हय?” थोडा वेळ गेला. रांग सरकली. “मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतंय.”

पुढे काही नाही. दर्शन झालं, प्रसाद घेतला, परतीच्या वाटेत आबा झोपले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मी लिहिणार होतो, पण तेही खरं नाही. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो.

व्हिडिओ पंधरा दिवसांनी आला. मी काढून टाका म्हणून फोन केला नाही. आता म्हणतो की नंबर जपून ठेवला नव्हता, नंबर आहे. त्या हंगामात लोक मला नाव घेऊन मागायला लागले. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात म्हणून तेवढा एक दिवस घरी, नाहीतर रोज गाडी. त्याच पैशांत घरावर स्लॅब टाकला. तो टाकताना आबा खुर्ची घेऊन सावलीत बसले होते आणि खडीचा एक दाणा उचलून बोटात फिरवत होते.

तेव्हाच्या माझ्या बाजूनंही कुणीतरी बोललं पाहिजे. पोट होतं, पोरीची फी होती, आणि मी कुणाला फसवलं? जी माणसं अचंब्यासाठी येतात त्यांना अचंबा दिला. कोकसाची गोष्ट सांगितलेली चालते, मग हे का नाही? याला माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच वाटतं की कोकसाच्या गोष्टीत निदान कोकस असतो. बाकीच्या वेळी मी जे बोलत होतो त्यात हातच नव्हते कुणाचे. पण हेही मी आता बोलतोय, स्लॅब पडून सुकल्यावर. त्या मुलानं आज पुन्हा स्टँड लावला आणि डोळे मोठे करून बघितलं, तर मी काय बोलेन याची मला खात्री नाही.

हल्ली मी पाहुण्यांना त्या कोपऱ्यात नेतो. रेघा दाखवतो, कुठे धार गेली आणि कुठे नवी टाकी हातात आली ते दाखवतो, आणि विचारतो, लोहार कुठे बसत असेल? काहींना मजा येते. बरेचजण मान हलवून विचारतात, काका, फोटो कुठून चांगला येतो? मग मी हत्तीपाशी नेतो, तिथून चांगला येतो.

तो व्हिडिओ लागला की मी आता माझ्या वाक्याकडे लक्ष देत नाही. त्याच्या अगदी सुरुवातीला, संगीत सुरू व्हायच्या आधी, मागून कुणीतरी काही बोलल्यासारखं ऐकू येतं. ‘बसत असंल रे’ एवढंच. तुम्ही ऐकलंच नसेल. ते आबा आहेत.

गेल्या महिन्यात मी त्यांना म्हणालो, चला एकदा, दोघंच जाऊ, पाहुणे नकोत, पूर्ण दिवस. ते पाट्यावर चटणी वाटणाऱ्या सुनेकडे बघत होते.

“जाऊ की,” म्हणाले. “मंगळवारी जाऊ. गर्दी नसंल.”

मंगळवारी लेणी बंद असतात हे त्यांना माहीत आहे.