लाल शाईतला ‘का?’

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं, त्याच रात्री माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. शाळेबद्दल लिहायचं तर घंटा, प्रार्थना, पटांगणातली चिंच, मधल्या सुट्टीतला गोंधळ हे सगळं यायला हवं. पण ते बाकीचे लिहितीलच. मला ट्रंकेत नववीची प्रयोगवही सापडली आणि त्यापुढे दुसरं काही सुचेना. इंग्रजीच्या बाईंनी आणि पीटीच्या सरांनी रागावू नये. हा लेख शास्त्राच्या सरांवर आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. निवृत्तीच्या दिवशी ज्यांनी हार घालून घेतला नाही, त्यांना छापलेलं नाव कसं चालेल? आणि आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, ते सगळ्यांना कळतंच.

गोष्ट १९८४ सालच्या डिसेंबरातली. स्फटिकीकरणाचा प्रयोग होता. पुस्तकात मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, होता, पण मोरचुदाची बरणी संपलेली. नवीन मागणी तालुक्याला गेली होती आणि तालुक्याला गेलेली मागणी कधी परत यायची ते आपल्याला माहीतच आहे. सर म्हणाले, “ज्याच्या घरी युरिया असेल त्यानं उद्या मूठभर आणा.” कृष्णाकाठचं गाव, घरोघरी ऊस. युरिया नाही असं घर शोधावं लागलं असतं. आबांना विचारलं तर ते नको म्हणाले. खत मोजून आणलेलं होतं. मी पोत्याची शिवण एका कोपऱ्यात उसवली आणि ओंजळभर दाणे फ्रॉकच्या खिशात घातले. साबुदाण्यासारखे पांढरे गोल दाणे. शाळेत पोचेपर्यंत हाताच्या घामानं ते चिकट झाले होते.

प्रयोगशाळा तेव्हा जुन्या इमारतीत, उत्तरेच्या टोकाला होती. दगडी भिंत, हातभर रुंद खिडक्या. सरांनी प्रत्येकाच्या हातात परीक्षानळी दिली, पाणी ओतलं आणि युरिया टाकायला सांगितलं. नळी हातात गार पडली, अगदी माठाला हात लावावा तशी. मागच्या बाकावरून कोणीतरी “बर्फ!” असं ओरडलं. सरांनी कारण सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “विरघळायला याला उष्णता लागते. ती कोणाची घेतली?” मग प्रत्येकाने आपला हात पाहिला.

पुढचं काम सोपं होतं. गरम पाण्यात मावेल तेवढा युरिया विरघळवायचा, गाळायचा, बशीत ओतून खिडकीत ठेवायचा. शंभर ग्रॅम पाण्यात साध्या तापमानालाच शंभर ग्रॅमहून जास्त युरिया जातो. आमचं पाणी संपत आलं तरी दाणे विरघळतच होते. मला धीर नव्हता. मी पाणी न घालताच कोरडे दाणे नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरले. म्हटलं, आधी तापवू, मग पाणी घालू, लवकर होईल. दाणे वितळले. पाण्यासारखे पातळ झाले, मग बुडबुडे आले आणि वास सुटला. पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर जो वास नाकात जातो तोच, पण दसपट. मुलं नाक धरून बाहेर पळाली. मी घाबरून नळी दिव्यावरून काढली, निवल्यावर पाणी ओतलं, पुन्हा जरा कोमट केली आणि जे तयार झालं ते बशीत ओतून सगळ्यांच्या बश्यांच्या मागे सरकवून ठेवलं. सरांनी पाहिलं की नाही ते कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी खिडकीत काय दृश्य होतं! प्रत्येक बशीत सुया. काचेसारख्या, बोटाच्या पेराएवढ्या लांब, एकमेकींवर आडव्यातिडव्या पडलेल्या. आणि माझ्या बशीत बुटके, जाडे, खड्यासारखे तुकडे. खडीसाखरेचा चुरा म्हणून कोणी तोंडात टाकला असता. मला रडूच आलं. चोरीचा युरिया म्हणून देवानं शिक्षा केली, असं मला अगदी मनापासून वाटलं.

प्रयोगवहीत निरीक्षण खरं लिहायचं, हा सरांचा नियम होता. मी लिहिलं: “इतरांचे स्फटिक लांब सुईसारखे आले. माझे आखूड व जाड आले. मी युरिया कोरडाच तापवला होता, तो वितळला व घाण वास आला.” वही परत आली. दहापैकी चार गुण. कृती चुकली म्हणून सहा कापले होते, आणि ते अजूनही मला मान्य नाही. पण निरीक्षणाच्या शेजारी समासात, कॅमलच्या लाल शाईनं, एकच अक्षर आणि एक चिन्ह होतं: ‘का?’

मी वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले. म्हटलं, सर, का ते मला माहीत असतं तर लिहिलं असतं. सर तपकिरीची डबी बंद करत म्हणाले, “मलाही माहीत नाही. पुस्तकात नाही. तुला कळलं तर मला सांग.” चाळीस वर्षं झाली, पण “मला माहीत नाही” असं इतक्या सहज म्हणणारा दुसरा माणूस मी वर्गात पाहिलेला नाही. परिसंवादात तर नाहीच.

पुढचं थोडक्यात सांगते. बारावीनंतर पुण्याला गेले, एम्‌एस्सी केली, पीएच्‌डीला स्फटिकशास्त्र घेतलं. का घेतलं असं मुलाखतीत विचारलं होतं, तेव्हा काहीतरी भारदस्त उत्तर दिलं. खरं उत्तर ट्रंकेत होतं.

युरियाच्या रचनेशी माझी गाठ पडली ती २००० साली, ग्रंथालयात. पदार्थ अगदी साधा. १८२८ मध्ये व्होलरनं प्रयोगशाळेत बनवला, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. क्ष-किरणांनी तपासलेल्या अगदी पहिल्या सेंद्रिय स्फटिकांत तो आहे. १९२३ साली मार्क आणि वायसेनबर्ग यांनी त्याचा अभ्यास केला. मधोमध कार्बन, एका बाजूला ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन नायट्रोजन आणि प्रत्येक नायट्रोजनला दोन हायड्रोजन. आठ अणूंचा सपाट रेणू. क्ष-किरणांना हायड्रोजन नीट दिसत नाही, कारण त्याच्याकडे इलेक्ट्रॉन एकच. म्हणून १९५७ साली न्यूट्रॉन वापरून हायड्रोजनच्या जागा पक्क्या केल्या गेल्या. १९८४ साली, म्हणजे आम्ही खिडकीत बश्या मांडत होतो त्याच वर्षी, स्वामिनाथन, क्रेव्हन आणि मॅकमुलन यांनी हेच काम १२ केल्विन, म्हणजे उणे २६१ अंश सेल्सिअस, इतक्या गारठ्यात पुन्हा, फार बारकाईनं केलं. हे वाचताना मला उगाच अभिमान वाटला. जणू आमच्या बश्यांची त्यांना खबर होती.

आता ती रचना. शिशूवर्गात आपण झुकझुकगाडी खेळायचो. मागच्यानं दोन्ही हात पुढच्याच्या खांद्यांवर ठेवायचे आणि रांग पळवायची. युरियाची रांग हुबेहूब तशी. प्रत्येक रेणूचे दोन हायड्रोजन पुढच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरतात. हे धरणं म्हणजेच हायड्रोजन बंध. रेणूच्या आतल्या पक्क्या बंधांपेक्षा कितीतरी कमजोर, पण संख्येनं इतके की स्फटिक त्यांच्यावरच उभा राहतो. युरियाला मात्र गणपतीसारखे चार हात आहेत. दोन गाडीत गुंतले, उरलेले दोन हात शेजारच्या दोन गाड्यांना धरतात. त्या शेजारच्या गाड्या उलट दिशेला तोंड करून असतात आणि त्यांचे रेणू काटकोनात वळलेले असतात. असं चहूकडून धरल्यामुळे एकेका ऑक्सिजनवर चार हायड्रोजनांचे हात येतात. ऑक्सिजनला एक-दोन हात ही नेहमीची गोष्ट, चार म्हणजे दुर्मीळ. नायट्रोजनपासून ऑक्सिजनपर्यंतचं अंतर साधारण तीन अँगस्ट्रॉम, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.

गाडीच्या दिशेनं दर ४.७ अँगस्ट्रॉमला एक डबा. एक सेंटिमीटर सुईत एका रांगेत दोन कोटींहून जास्त डबे लागतात. द्रावणातला नवा रेणू रांगेच्या टोकाला चटकन जोडला जातो, कारण तिथे हात पुढे करून कोणीतरी उभंच असतं. बाजूनं जोडणी सावकाश होते. म्हणून स्फटिक गाडीच्या दिशेनं वाढत जातो आणि सुई होते. बाकीच्यांच्या बश्यांत हेच झालं होतं.

मग माझ्या बशीत काय झालं? युरिया १३३ अंशांना वितळतो. त्याहून जास्त तापवला की दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि मधून अमोनिया निसटतो. तो गोठ्याचा वास! जो नवा पदार्थ उरतो तो बाययुरेट. तो दिसायला दोन युरिया शेजारी शेजारी ठेवल्यासारखा, म्हणून वाढत्या सुईच्या टोकाला त्याला जागा मिळते. पण एकदा तो तिथे बसला की पुढच्या युरियाला नीट धरता येत नाही. आपल्या एसटीच्या दारात एखादा माणूस पाय रोवून उभा राहतो ना, आत जात नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाही, तसं. टोकाची वाढ अडली की स्फटिक बुटका आणि जाड होतो. युरियात थोडं बाययुरेट घातलं तर सुया येत नाहीत, हे कारखानदारीत चांगलं माहीत असलेलं होतं. मला माहीत नव्हतं एवढंच.

वाचून भागलं नाही. रात्री प्रयोगशाळेत कोणी नसताना युरिया तस्साच कोरडा तापवला, तस्साच वास येईपर्यंत. पाण्यात घालून त्यातल्या थोड्यात कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाचे दोन थेंब टाकले. जांभळा रंग आला. ही बाययुरेटची खूण. दुसऱ्या बशीत शुद्ध युरिया ठेवला. तीन दिवसांनी एकीत सुया, दुसरीत खडे. मी तिशीला टेकलेली बाई, दोन बश्या हातात घेऊन एकटीच हसत उभी होते. रखवालदारानं विचारलं, “मॅडम, बरं आहे ना?”

सरांना सहा पानी पत्र लिहिलं, आकृत्यांसकट. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अभिनंदन वगैरे काही नाही. वर “आशीर्वाद” आणि खाली: “समजले. गुण वाढवून मिळणार नाहीत. आता असे सांग, मोरचूद पाण्यातून बाहेर येताना पाण्याचे पाच रेणू बरोबर घेतो. युरिया पाण्यात इतका विरघळतो, पण बाहेर येताना पाणी अजिबात घेत नाही. का?” हा ‘का?’ सुद्धा लालच. सत्तरीच्या माणसानं पोस्टकार्डासाठी दोन पेनं वापरली होती.

त्याचं उत्तर मी समक्ष दिलं. सरांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या नातवंडांना झुकझुकगाडी करायला लावून. युरियाचे चारही हात गुंतलेले, ऑक्सिजनही चारी बाजूंनी धरलेला. पाण्याला धरायला जागाच उरत नाही. सरांनी नातवंडांची गाडी दोनदा उलटसुलट फिरवून खात्री करून घेतली आणि मग आत चहा सांगितला.

आता मी औषधांच्या स्फटिकांवर काम करते. तेव्हा एका स्फटिकाची मोजणी व्हायला चार-पाच दिवस लागायचे, आता दुपारच्या जेवणाआधी होते. औषधाच्या रेणूंनी एकमेकांचे हात कसे धरलेत, यावर गोळी पोटात विरघळणार की नाही हे ठरतं. १९९८ साली रिटोनाव्हिर या एड्सवरच्या औषधानं अचानक हात धरायची तऱ्हा बदलली, नवा स्फटिक कमी विरघळू लागला आणि कॅप्सूल बाजारातून परत घ्याव्या लागल्या. ही गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलांना सांगते आणि मग त्यांच्या वह्या तपासते. लाल पेन वापरते, हे कबूल करते.

गेल्या वर्षी शाळेत आले होते. नवीन प्रयोगशाळा छान आहे. फरशी, स्टीलचे नळ, भिंतीवर मोठा पडदा. पण खिडक्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या, बशी ठेवायला कठडाच नाही. युरियाही बदलला. २०१५ पासून सगळा कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला. भाच्यानं प्रयोग करून पाहिला तर पाण्यावर तेलाचा तवंग आला. त्याला म्हटलं, दोनदा गाळ. आधी नीट कोरडा फडका घे. दाणे तापवू नकोस. हे शेवटचं म्हटलं आणि लगेच वाटलं, कशाला सांगितलं?

सर आता नाहीत. समितीला वहीच्या त्या पानाचा फोटो सोबत पाठवत आहे. स्मरणिका काळ्या-पांढऱ्यात छापायची आहे आणि रंगीत पानाला खर्च येतो, हे पत्रात वाचलं. तेवढं एक पान रंगीत छापा. खर्च मी पाठवते. काळ्या शाईत तो ‘का?’ माझ्या अक्षरात मिसळून जाईल.