यंदा शपथ नाही

शुक्रवार, ५ जून. रात्रीचे अकरा.

आजचा पर्यावरण दिन ऑफिसात काहीही न करता गेला. साहेबांना सकाळीच सांगून टाकलं होतं, यंदा शपथ नाही, हिरवे टी-शर्ट नाहीत, रोपंही नाहीत. "मग वर फोटो कशाचा पाठवायचा?" म्हणाले. गेल्या वर्षी इमारतीमागे कडुलिंबाची बारा रोपं लावली होती. फोटो अजून नोटीस बोर्डावर आहे, रोपं दिवाळीपर्यंतही टिकली नाहीत.

पण माझं खरं पाप त्यानंतरचं. हरित गुण! ॲडमिनला मी, त्यामुळे कल्पना माझी आणि एक्सेल शीटही माझीच. मेट्रोने आलात, पाच गुण. स्वतःचा कप आणलात, दोन. महिनाअखेरीस पहिल्याला कूपन. पहिले पंधरा दिवस उत्साह असा की विचारू नका. मग कळलं, कोथरूडचा एक पठ्ठ्या वनाज स्टेशनवर सेल्फी काढून विमाननगरपर्यंत गाडीनेच येतो. एकीने विचारलं, "जिना चढले, त्याचे किती?" आणि अकाउंट्सच्या ताई, ज्या मेट्रो सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून पीएमपीच्या बसने येतात, त्यांनी शीट कधी उघडलीच नाही. यादीत तळाला, शून्य गुण. ती यादी मी दर सोमवारी सगळ्यांना मेल करायचो. आत्ता लिहितानाही कानशिलं तापतात.

कूपनं बंद केली (बजेट संपलं, तत्त्व वगैरे काही नाही). तर आधी आपणहून कप आणणाऱ्यांनीही आणणं सोडलं. इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांवरचा, २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी फार उशिरा वाचला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे वाढले, आणि दंड काढल्यावरही कमी झाले नाहीत. आधी पाळणाघरातल्या बाईंपुढे ओशाळं वाटायचं, नंतर पैसे मोजले की हिशेब मिटला. आमच्याकडे दंडाऐवजी बक्षीस, बाकी गत तीच.

फेब्रुवारीत एकदा खाली गेलो होतो. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई आमच्या मजल्याची पिशवी उघडून कचरा वेगळा करत बसल्या होत्या. आमटीने बरबटलेल्या डब्यांत हात घालून त्यांनी चहाचा एक कप वर धरला. "दादा, हे कागदाचे दिसतात, पण आतून प्लास्टिक असतंय. भंगारवाला घेत नाही." जेवताना मी हे सहज बोललो. मेल नाही, शीट नाही. दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने घरून स्टीलचा पेला आणला. आठवड्यात पँट्रीत सात-आठ पेले झाले, आज मोजले तर एकवीस. मी केलं ते एवढंच, सिंकजवळ एक मांडणी बसवून घेतली आणि घासणी-साबणाची सोय केली. "ज्याचा पेला त्यानं धुवायचा, मी घासणार नाही," असं मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं. ऑफिसातला हा एकच नियम साहेबांसकट सगळे पाळतात.

एसीचं मात्र काही जमलेलं नाही. १ जानेवारी २०२० पासून नवे स्टार लेबलवाले एसी सुरू करताच २४ अंशांवर लागतात, तसा आमच्या मीटिंग रूममधलाही लागतो. सेल्सची मंडळी आत शिरली की पाच मिनिटांत १८. रिमोट लपवून पाहिला, तर फोनवरून चालवायला लागले. तिथेही कुणी ताई भेटेल का, माहीत नाही.

संध्याकाळी निघताना स्टॉपवर अकाउंट्सच्या ताई उभ्या होत्या. नुकतीच एक सर येऊन गेलेली, मी स्कूटरवर. थांबून म्हणालो, "सोडू का?"

"नको, येतेय बस. तुम्ही निघा, पुन्हा भिजाल."

येरवड्याच्या सिग्नलला मी उभा होतो, तेव्हा ती बस शेजारून पुढे गेली.