अडीच घरं

रविवार, रात्री

बरोबरी. त्यापेक्षा हरले असते तर बरं झालं असतं. हरायची मला सवय आहे, दहा महिने दर रविवारी अण्णांसमोर तेच करतेय. पण आज मी जिंकले होते. जिंकत होते असं नाही, जिंकलेच होते. तिथेच घोळ झाला.

वजीर दोघांचेही केव्हाच मारले गेले होते. अण्णांकडे नुसता राजा, तोही पळत पळत कोपऱ्यात गेलेला. माझं प्यादं शेवटच्या घरात पोचलं तेव्हा अण्णांनीच डब्यातून पांढरा वजीर शोधला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. "घे, झाला तुझा वजीर."

त्या क्षणी मी पटावरून उठले. बसले होते तिथेच, पण मनात दादाला फोन लागला होता. आधी पावसापाण्याचं बोलायचं, गंगापूर धरण किती भरलं वगैरे, आणि मग मध्येच, "अरे हो, आज अण्णांना हरवलं." ते "अरे हो" कसं म्हणायचं याचाच विचार जास्त चालला होता. वजीर कुठे ठेवतेय याचा कमी.

ठेवला राजापासून अडीच घरांवर. घोडा असता तर शह बसला असता, नेमकं तिथे. वजीर तिथून राजाची तिन्ही घरं अडवतो आणि शह मात्र देत नाही. हे मला ठाऊक नाही का? ओंकारला मीच शिकवलंय. वजिराऐवजी हत्ती मागितला असता तरी मात झाली असती, चार चाली जास्त लागल्या असत्या इतकंच.

अण्णा बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मला वाटलं, राजा आडवा करायचं जिवावर आलंय. मग म्हणाले, "मला घरच नाही गं."

पटावरचंच बोलत होते ते. शह नाही आणि राजाला हलायला घरही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. मला कळलं. तरी पंचवटीतला वाडा... जाऊ दे, ते आज नको.

दहावीचा गणिताचा पेपर अर्धा तास आधी संपवून मी खिडकीबाहेर बघत बसले होते. शेवटच्या पानामागे आणखी एक प्रश्न होता. फ्लॅटच्या वेळचं तर लिहीतच नाही. संपायच्या आत उठायची ही खोड कुठून आली? हरताना मी केवढी सावध असते! प्रत्येक चालीला समोरच्याचा हात धरून बघते, हा आता काय करेल. जिंकायला लागले की समोर माणूस आहे हेच विसरते.

अण्णांनी समजूत घातली. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत आपला नाशिकचा विदित गुजराथी पहिलीच फेरी हरला आणि पुढे स्पर्धा जिंकला. अहो अण्णा, पण हरल्यावर सावरणं मला जमतंच की. माझं दुखणं वेगळं आहे. त्यापेक्षा ओंकारने दाखवलेला व्हिडिओ बरा: १ जून २०२५, नॉर्वेतली स्पर्धा. कार्लसन गुकेशवर जिंकत आलेला, घड्याळात सेकंद उरलेले, घोडा चुकीच्या घरात पडला आणि गेला डाव. टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. निदान त्याला घड्याळाची घाई होती. मला कसली होती? चहासुद्धा व्हायचा होता.

टेबल आपटायची माझी हिंमत नाही, ते अण्णांचं आहे.

घरी येऊन पर्स उघडली तर आत पांढरं प्यादं. वजीर घेताना मुठीत राहिलं असणार, तेच घेऊन निघाले. अण्णांना फोन केला, म्हटलं तुमचं एक प्यादं माझ्याकडे आलंय.

"माहितीये," म्हणाले. "मी शेंगदाणा मांडलाय. रविवारी आण, नाहीतर तोवर मी तो खाईन."

दादाला फोन केलाच नाही.