लवंगी जेवली

लवंगीने आमच्या घरी पहिला घास घेतला तो सहाव्या दिवशी, सकाळी सव्वादहाला. कालनिर्णयच्या पानावर, दुधाच्या हिशेबाच्या वर, मी ती वेळ लिहून ठेवली आहे. आधीचे पाच दिवस फार वाईट गेले. हातावर ठेवलं तर वजनही जाणवू नये एवढा जीव, आणि तो आपल्याकडे येऊन उपाशी बसलाय, ही गोष्ट झोपू देत नाही.

लवंगी म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याचं पिल्लू. ही जात मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातली. डोक्यावर तुरा असतो, तो वयाबरोबर उंच होतो. माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात असतो, त्याच्याकडे यांची जोडी आहे. त्यांची अंडी सात महिन्यांनी फुटली आणि माझ्या मुलाने मामेभाऊ म्हणून हक्काने एक पिल्लू मागून घेतलं. या जातीत नराच्या मागच्या पायाला टाचेपाशी जन्मापासूनच बारीक काटा असतो. हिला तो नव्हता, म्हणजे मादी. रंगाने पोपटी आणि अंगाने लवंगी मिरचीएवढी, म्हणून लवंगी.

आमच्याकडे कुणीही हिला बघितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हा तर घोयरा, आमच्या बांधावर असतो की! विकत कशाला?" घोयरा आपला, भारतीय शॅमेलिऑन. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला उचलून घरी आणणं गुन्हा आहे, आणि तो घरी नीट जगतही नाही. शेतात दिसला तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं, विषारी समजून मारू तर अजिबात नये. लवंगी विकत घेतलेली नाही आणि रानातून आणलेलीही नाही. ती घरात जन्मलेल्या परदेशी जातीची आहे. अशा प्राण्यांची नोंद आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. भाच्याने ती केली, आमच्या नावाचा अर्जही त्यानेच भरून दिला. ते कागद हातात आल्याशिवाय मी पिल्लाला घरात घेणार नव्हते.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. भाचा पुण्याहून गाडीने तिला घेऊन आला, रात्री आठला नाशिकला, आमच्या मखमलाबादला पोचला. आम्ही तयारी जोरात केली होती. दोन फूट रुंद, चार फूट उंच जाळीचा पिंजरा, आत फांद्या, वर दिवे, आणि हे सगळं हॉलमध्ये टीव्हीशेजारी. रात्री शेजारचे येऊन बघून गेले. सकाळी मुलाचे मित्र आले. भाच्याने सांगितलं होतं की ती दिवसाला पंधरा-वीस बारके रातकिडे सहज खाते. आम्ही पंधरा सोडले. संध्याकाळी मोजले, तर कुंड्यांच्या मागे, फांदीखाली, जाळीच्या कोपऱ्यात मिळून चौदा सापडले. पंधरावा दुसऱ्या दिवशी बाहेर बाथरूममध्ये दिसला. लवंगी फांदीला चिकटून तशीच, आणि रंग पोपटीचा मळकट तपकिरी झालेला.

दुसऱ्या दिवशीही तेच. रात्री उरलेले किडे आत राहू द्यायचे नाहीत हे भाच्याने फोनवर बजावलं, कारण भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाला चावतात. म्हणून रात्री नऊला आम्ही तिघं टॉर्च घेऊन पिंजऱ्यात हात घालून किडे वेचत होतो. आज कळतं की तिच्या दृष्टीने ते किती भयंकर असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती डोळे मिटून बसली. शॅमेलिऑनने दिवसा डोळे मिटणं चांगलं लक्षण नाही. विष्ठेतला जो भाग पांढरा हवा, तो नारिंगी होता. म्हणजे अंगात पाणी कमी. मी वाटीत पाणी ठेवलं होतं, रोज बदलतही होते. पण शॅमेलिऑनला साठलेलं पाणी पाणी म्हणून कळतच नाही. पानावर चमकणारा, हलणारा थेंब दिसला तरच तो जीभ लावतो.

इथे मात्र माझा धंदा कामी आला. आमची रोपवाटिका आहे आणि आजूबाजूला सगळ्या द्राक्षबागा, त्यामुळे ठिबक आमच्या अंगवळणी पडलेलं. पाण्याची बाटली उलटी टांगली, तिला मेडिकलमधून आणलेला सलाईनचा नवा सेट जोडला आणि त्याचं चाक फिरवून दोन सेकंदाला एक थेंब असा वेग धरला. थेंब वरच्या पानावर, तिथून खालच्यावर, खाली तसराळं. दहा मिनिटं काही नाही. मग तिचा एक डोळा गर्रकन वळला. दुसरा तसाच माझ्याकडे. हळूहळू पुढे सरकून तिने पानाच्या टोकाला तोंड लावलं आणि वीस मिनिटं पीत राहिली. मी भिंतीला टेकून उभी होते, पाय गळाल्यासारखे झाले होते.

पाणी प्यायली, पण खाईना. भाच्याने ओळखीच्या डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या त्या बाईंनी दोन गोष्टी ठासून सांगितल्या. एक, तोंड उघडून कोंबायचं नाही. पिल्लाचा जबडा नाजूक असतो, जीभ दुखावली तर आयुष्यभराचं नुकसान, आणि त्या धसक्याने ती आणखी मिटेल. दुसरी, आधी ऊब मोजा. मी म्हटलं, दिवा लावलाय की. त्या म्हणाल्या, दिवा लावलाय हे नको, फांदीवर किती आहे ते सांगा.

मोजलं. सकाळी सात वाजता खोलीत १७ अंश. बाहेर आदल्या रात्री पारा दहाच्या खाली गेला होता, नाशिकची थंडी ठाऊकच आहे. दुपारी दिव्याखालच्या फांदीवर जेमतेम २४. पिल्लाला ऊन खायच्या जागी २९ च्या आसपास हवं, त्याहून फार जास्तही नाही, कारण लहान अंग पटकन तापतं. रात्रीचा गारवा चालतो, पण दिवसा अंग तापलं नाही तर पोटातलं पचत नाही आणि भूकच लागत नाही. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळली, ती मला फार आवडली. शॅमेलिऑनची जीभ बेचकीसारखी असते. आतल्या हाडाभोवतीच्या लवचीक आवरणांत ताण साठतो आणि एकदम सुटतो. त्यामुळे थंडीतही जीभ बाहेर फेकली जाते जवळपास त्याच वेगाने. आत ओढायचं काम मात्र स्नायूंचं, आणि ते गारठ्यात फार मंदावतं. दिवा चार इंच खाली घेतला, फांदीवर हात धरून आणि थर्मामीटर लावून २९ वर आणलं. अतिनील किरणांची वेगळी नळी होतीच. तिच्याशिवाय अंगात कॅल्शियम मुरत नाही आणि हाडं वाकतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते.

चौथा दिवस. ऊब आहे, पाणी आहे, किडे आहेत. लवंगी नाही म्हणते. वजन ६.८ ग्रॅमवरून ६.३.

त्या संध्याकाळी माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना आई म्हणतो) हॉलमध्ये वाती वळत बसल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी "सरडा घरात?" एवढंच विचारलं होतं आणि नंतर अवाक्षर काढलं नव्हतं. मी पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसलेली, मुलगा दुसऱ्या बाजूने, हे कामावरून आल्या आल्या तिथेच वाकलेले. आई म्हणाल्या, "अगं, नवी नवरी सगळ्यांच्या समोर जेवते का? तू आलीस तेव्हा चार दिवस काय खात होतीस, आठव."

मला आठवलं. पंचवटीतलं जुनं घर, पंगतीला सगळी वडीलधारी, आणि माझं ताट तसंच. चौथ्या दिवशी दुपारी आईंनीच मला स्वयंपाकघरात बोलावलं, भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, आणि दार ओढून घेऊन बाहेर जाऊन बसल्या.

त्याच रात्री सगळं हलवलं. मागची खोली, जिथे कुणाचा वावर नाही. मोठा पिंजरा बाजूला ठेवला आणि भाच्याने प्रवासासाठी दिलेला दीड फुटाचा घेतला. एवढ्याशा पिल्लाला चार फुटांच्या पिंजऱ्यात किडा सापडणार कसा? छोटा पिंजरा कपाटावर ठेवला, माणसाच्या डोळ्यांच्या वर, कारण उंचावर असलं की यांना सुरक्षित वाटतं. तीन बाजूंनी आईंचं जुनं सुती लुगडं लावलं. आत पाला दाट केला. रोपवाटिकेतली शेफ्लेरा आणि जास्वंद होती, पण विक्रीच्या रोपांवर आम्ही आंतरप्रवाही औषध मारतो, ते पानांच्या आतपर्यंत जातं, आणि व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही कुरतडतात. म्हणून घराच्या गच्चीवरची, कधीच फवारा न लागलेली रोपं घेतली, पानं धुतली, माती बदलली.

हेच कारण किड्यांनाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या काकू मायेने बागेतून पिशवीभर नाकतोडे घेऊन आल्या. मी हात जोडून नको म्हटलं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावर डावणी, भुरी, थ्रिप्स, मिलीबग अशा रोग-किडींसाठी फवारण्या चालूच असतात. त्या बागेतला किडा सहा ग्रॅमच्या जिवाला कसा देणार?

रातकिडे भाच्याकडचेच, पण त्यातले काही मोठे होते हेही तेव्हा लक्षात आलं. पिल्लाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून लांब किडा द्यायचा नाही. शिवाय मुलाने पिकलेल्या केळ्याचं साल बाटलीत ठेवून फळमाश्या जमवल्या होत्या. पाचव्या दिवशी काही दिलं नाही, फक्त थेंब आणि ऊब, आणि दार बंद. तो दिवस काढणं मला सगळ्यात जड गेलं. संध्याकाळपर्यंत तपकिरी जाऊन पोपटी रंग परतला.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला, तिचं अंग तापल्यावर, केळ्याचा तुकडा तिच्या फांदीजवळ दोऱ्याने टांगला, बाटलीचं तोंड उघडलं आणि बाहेर आले. आत एक जुना मोबाईल व्हिडिओ कॉलवर लावून ठेवला होता. आम्ही चौघं स्वयंपाकघरात दुसऱ्या मोबाईलभोवती. आईसुद्धा चष्मा लावून.

केळ्यावर माश्या फिरत होत्या. लवंगीचे दोन्ही डोळे एकदम पुढे वळले. इतके दिवस ते वेगवेगळ्या दिशांना फिरायचे, एक आमच्यावर आणि एक वर. दोन्ही एकाच ठिकाणी स्थिरावले की नेम धरला असं समजायचं. तोंड किंचित उघडलं, जिभेचं टोक बाहेर डोकावलं, ती जरा पुढे झुकली. मग माशी नव्हती. मधलं काही दिसलंच नाही. फक्त ती चावत होती. मुलगा ओरडणार होता, आईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. अर्ध्या तासात तिने नऊ माश्या टिपल्या.

पुढचं सोपं झालं, पण एकदम नाही. माश्यांनी पोट भरत नाही. रातकिड्यांसाठी श्रीखंडाचा रिकामा पांढरा डबा फांदीला बांधला. आतून एका बाजूला जाळी चिकटवली, म्हणजे किडे चढून तिला दिसतात पण बाहेर सुटत नाहीत. देण्याआधी किड्यांना पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं की ते संथ होतात. पिशवीत चिमूटभर कॅल्शियम पावडर टाकून हलकेच हलवायचं, किडे पार पांढरे झाले तर ती तोंड फिरवते. आदल्या दिवशी किड्यांना गाजर आणि शेवग्याचा पाला घालते, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच तिला मिळणार. सुरुवातीला डबा बांधून खोलीबाहेर जायचे. मग दाराशी थांबायला लागले. तिसऱ्या आठवड्यात मी आत असताना तिने पहिल्यांदा खाल्लं, आणि त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. संक्रांतीला वजन १४ ग्रॅम भरलं.

मध्ये दोनदा तिने जेवण सोडलं. दोन्ही वेळा कात टाकायची होती. आता ते ओळखू येतं, अंग आधी फिकट पडतं, मग दुसऱ्या दिवशी कागदासारखी सालं निघतात. तेव्हा मी डबा काढून घेते आणि फक्त थेंब वाढवते. तीनेक दिवसांहून जास्त काळ उपास झाला किंवा दिवसा डोळे मिटले तर डॉक्टरांना फोन, हे पक्कं ठरलेलं. विष्ठेची तपासणीही करून घेतली, जंत नाहीत.

रातकिडे आता आम्हीच वाढवतो. कोंबडीच्या अंड्यांचे रिकामे ट्रे, किड्यांना अंडी घालायला कोकोपीटची (नारळाच्या भुशाची) ओली वाटी, वर दिवा. दोन आठवड्यांच्या आत मोहरीएवढी पिल्लं निघतात. टबमधला एक मोठा नर परवा निसटला आणि रात्रभर मिक्सरच्या मागे किरकिरत होता. ह्यांनी चप्पल उचलली, तर आई आतून म्हणाल्या, "राहू दे त्याला. लवंगीचं आहे ते."