माझा अनुभव : १९६५ चा प्रिसिजन बेस न्यू जर्सीहून पुण्याला आणताना

सगळ्यात आधी हे सांगते : जुनी गिटार देशाबाहेर न्यायच्या अर्जात 'टॉर्टॉइझ शेल' (कासवाचं कवच) हे शब्द चुकूनही लिहू नका. माझे चार महिने त्या दोन शब्दांनी खाल्ले.

माझ्याकडे फेंडर कंपनीचा १९६५ चा प्रिसिजन बेस, म्हणजे बेस गिटार, आहे. न्यू जर्सीत असताना एका निवृत्त शाळामास्तरांकडून घेतला. ते दर रविवारी चर्चमध्ये तो वाजवायचे. सनबर्स्ट रंग, अल्डरची बॉडी, मेपलचा नेक (मान), त्यावर रोझवुडचा फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची फळी. हात टेकायच्या जागी रंग झिजून लाकूड उघडं पडलंय आणि तीच जागा मला सगळ्यात आवडते. लहानपणी रेडिओवर पंचमदांची गाणी लागली की मी गाणं सोडून त्याच्या तळाशी चाललेला आवाज ऐकत बसायचे. तो टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांचा बेस, हे फार उशिरा कळलं. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा लावल्या आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमची पट्टी सरकवली, की प्रिसिजनचा स्वर 'धम्' करून येतो आणि लगेच मिटतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन तसंच वाजवायचे. १९६२ चा प्रिसिजन, जाड तारा, आणि त्या तारा बदलायच्या नाहीत असा त्यांचा हट्ट. हा आवाज मागे ठेवून पुण्याला परतायचा विचारसुद्धा मला सहन होत नव्हता.

अडचण फिंगरबोर्डाची. त्या काळात फेंडर ब्राझिलियन रोझवुड वापरायचं, म्हणजे डाल्बर्जिया नायग्रा. ११ जून १९९२ पासून हे झाड साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. असं वाद्य देशाबाहेर न्यायचं तर ते त्या तारखेच्या आधीचं असल्याचं प्रमाणपत्र लागतं. बाकीच्या रोझवुडवर २०१७ मध्ये निर्बंध आले होते, पण तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट मिळाली. पुढे फेंडरने भारतीय रोझवुड घेतलं, म्हणजे आपलं शिसवच. त्यामुळे सत्तरच्या दशकातला बेस असता तर हे काहीच करावं लागलं नसतं. बँडमधली मैत्रीण म्हणाली, "अगं, इंडियन रोझवुड लिही आणि मोकळी हो. कोण बघतंय?" मी नाही लिहिलं. साठ वर्षांच्या वाद्याबद्दल मी खोटा कागद करणार नव्हते. आजही त्याचं समाधान आहे.

पुरावा गोळा करायचं काम खरं तर आनंदाचं होतं. तारा उतरवल्या, मागच्या पट्टीचे चार स्क्रू काढले, नेक सुटा झाला. टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, शिक्का : ५ मार्च ६५ सी. यातला ५ म्हणजे तारीख नव्हे, तो प्रिसिजन बेस या मॉडेलचा आकडा. 'सी' म्हणजे नेकची रुंदी, पावणेदोन इंच. मग पिकगार्ड (बॉडीवरचं पातळ झाकण) उचलून पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवरचा कोड वाचला : ३०४६५०३. ३०४ ही स्टॅकपोल कंपनीची खूण, ६५ साल, तिसरा आठवडा. डाग दिलेल्या जागेला हात लावू नका. मूळ सोल्डर शाबूत असणं हीच या वाद्यांची अब्रू आहे. पट्टीवरचा 'एल'ने सुरू होणारा नंबरही त्याच काळातला. तिन्ही खुणा जुळल्या तेव्हा मी एकटीच टेबलाशी बसून हसत होते.

त्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरला. 'वाद्याचे सर्व भाग व साहित्य लिहा' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं. नट (नेकच्या टोकाशी तारा टेकायचा छोटा तुकडा) : हाड. पिकगार्ड : टॉर्टॉइझ शेल.

सात आठवड्यांनी पत्र आलं. रोझवुडबद्दल एक अक्षर नाही. कासवाची प्रजाती कोणती, कासव कुठून मिळवलं, कधी मिळवलं, आणि हाड कोणत्या प्राण्याचं.

हॉक्सबिल कासवाच्या कवचाचा व्यापार बंद आहे आणि तो बंदच असायला हवा, याबद्दल माझं दुमत नाही. पण बेसवरचं ते तपकिरी-लाल ठिपक्यांचं पिकगार्ड सेल्युलॉइडचं असतं. दिसतं कवचासारखं म्हणून सगळ्या धंद्यात त्याला 'टॉर्ट' म्हणतात. विकणारे, दुरुस्त करणारे, वाजवणारे, सगळे. मी लगेच उत्तर पाठवलं : हे प्लास्टिक आहे, आणि नट गाईच्या हाडाचा आहे. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र : प्लास्टिक असल्याचा पुरावा द्या.

फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. उचलणाऱ्या बाईंसमोर फाइल नव्हती. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ.

"म्हणजे यात कासव नाही?"

"नाही."

"मग तुम्ही कासव का लिहिलंत?"

मी समजावलं. ते म्हणाले, "अर्जात जे लिहिलंय त्यावरच आम्हाला चालावं लागतं. जाणकाराचं पत्र आणा." जाणकार म्हणजे कोण, हे मात्र त्यांना सांगता येईना. पुढच्या वेळी तिसराच आवाज, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. दरम्यान घरचं सामान जहाजाने निघून गेलं. भाड्याच्या रिकाम्या घरात मी, एक गादी आणि केसमधला बेस. नवरा पुण्यातून रोज विचारायचा, "काही कळलं?" आणि मला त्याचाच राग यायचा, ज्यात त्याची काहीच चूक नव्हती.

एका वाद्यांच्या दुकानाने पत्र द्यायचं कबूल केलं आणि ऐन वेळी अंग काढून घेतलं. सरकारी कागदावर सही नको म्हणाले. शेवटी दीड तासावर राहणाऱ्या एका वयस्कर दुरुस्ती कारागिरांकडे गेले. त्यांनी पिकगार्ड उजेडात आडवं धरलं आणि कडेवर बोट ठेवलं : वर ठिपक्यांचा पातळ थर, खाली पांढरा, काळा, पांढरा. सेल्युलॉइड वर्षांनुवर्षं आकसत जातं, म्हणून स्क्रूची भोकं एका बाजूला ओढली गेली होती आणि एका भोकापाशी तडा गेला होता, तोही त्यांनी दाखवला. कडेचा फोटो काढला, खाली सहा ओळी टाइप केल्या, सही केली. पैसे घेतले नाहीत. "वाजवून दाखव," एवढंच म्हणाले. मी वाजवलं.

ते पत्र, कडेचा फोटो आणि दुरुस्त केलेला रकाना पाठवला. त्यात पिकगार्डपुढे लिहिलं : 'तपकिरी नक्षीचं कृत्रिम प्लास्टिक'. एकोणिसाव्या दिवशी प्रमाणपत्र हातात. पाकीट उघडून मी जमिनीवरच बसले.

पुढचं भराभर झालं. फक्त एक लक्षात ठेवा : प्रमाणपत्र मिळालं म्हणजे संपलं नाही, निघण्याआधी मूळ प्रतीवर तपासनीसाचा शिक्का घ्यावा लागतो. त्याची वेळ आधी ठरवा, विमानाच्या दिवशी नव्हे. माझ्या प्रमाणपत्राची मुदत सहा महिने होती, म्हणून तिकीट आधी काढू नका. मुंबईला मूळ प्रत दाखवली, पाहिली, बाहेर आले.

आणि हो, झाडाचं नाव शास्त्रीयच लिहा. 'रोझवुड' हा शब्द त्यांच्या दृष्टीने काहीच सांगत नाही. हाड असेल तर सोबत प्राण्याचं नाव. फिंगरबोर्डावर शिंपल्यासारखे चमकणारे ठिपके असतील तर ते खरे की प्लास्टिकचे, तेही लिहा.

प्रवासात तारा थोड्या सैल करा, पूर्ण उतरवू नका. पुण्यात जुलैमध्ये माझा नेक पुढे वाकला. या वाद्यांत ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा) पिळायचा नट टाचेकडे असतो, त्यामुळे नेक उघडावाच लागतो. तेव्हाच शिक्क्याचा स्वच्छ फोटो काढून घ्या, बाजूला मोजपट्टी ठेवून. मी पहिल्यांदा मोजपट्टी न ठेवता काढला होता, तो परत काढावा लागला.

बाबांनी फिंगरबोर्डावर बोट फिरवून पाहिलं, मग आमच्या शिसवी देव्हाऱ्यावर. "जात एकच दिसते गं," म्हणाले. कूळ एकच आहे, झाडं वेगळी.

प्रमाणपत्राची मुदत संपली तरी ते फेकू नका. माझी प्रत केसच्या खणात आहे, कारागिरांच्या सहा ओळींच्या पत्रासोबत.